ठेवलेली गिटार

त्या संध्याकाळी ती वाद्यांच्या दुकानात शिरली ती गिटारसाठी एक स्टँड घ्यायला. लोखंडाचे दोन-चार पाय, वर थोडं रबर… त्यात प्रेमात पडण्यासारखं काही नसतं. पाऊस नुकताच थांबला होता आणि पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होता. तिने छत्री दारातल्या बादलीत उभी केली, चष्म्यावरचे थेंब रुमालाने पुसले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोर तारांच्या कपाटापाशी एक पाठ दिसली.

पाठ ओळखीची निघणं फार वाईट. चेहऱ्याला हसू चिकटवून वेळ मारून नेता येते, पाठीला ते जमत नाही. डावा खांदा किंचित उतरलेला, मान एका बाजूला कललेली, आणि हातातलं तारांचं पाकीट उलटसुलट करून वाचण्यात असा गढलेला, की दुकानाला आग लागली तर बातमी याला सगळ्यांत शेवटी कळावी.

"सावकाश," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला.

तो वळला. वळायलाही त्याने त्याचा नेहमीचा वेळ घेतला.

"चिमटा," तो म्हणाला.

कॉलेज सुटल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. नावं ठेवण्यात त्यांच्या गाणाऱ्या टोळक्याचा हात कुणी धरला नसता. तो सगळ्याच गोष्टी आरामात करायचा, 'सावकाश होईल' हे त्याचं पालुपद, म्हणून तो सावकाश. त्याला बँकेत नोकरी लागली तेव्हा त्याचा सावकार करावा असा ठराव आला होता, पण तोंडात बसलेलं नाव काही सुटलं नाही. तिचा आवाज उंच पट्टीतला. तिच्या गाण्याला साथ करायची तर गिटारच्या मानेवर तो स्वर चढवणारा चिमटा लावावाच लागे, म्हणून ती चिमटा. शिवाय बोलताना ती चिमटे काढायची ते वेगळंच. एका नावात दोन्ही कामं भागत होती.

साथ करायचा तो. ती गिटारही त्याचीच, मामाने दिलेली, मधाच्या रंगाची. दोघांमध्ये काय आहे हे टोळक्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्या दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नव्हतं. मग त्याची पहिली नेमणूक लांबच्या गावी झाली. बसच्या थांब्यावर ती त्याला निरोप द्यायला गेली. आदली रात्र तिने एका प्रश्नाचं उत्तर घोकण्यात घालवली होती. तो प्रश्न काही त्याने विचारला नाही. बस सुटताना त्याने गिटारची पेटी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही ठेव."

बस निघून गेली. पेटी घेऊन ती कितीतरी वेळ तिथेच उभी होती.

आता तिच्या घरी 'ठेव' या शब्दाची काय किंमत होती ते सांगायला हवं. तिची आई दिवसभरात दुसरं काही बोलतच नसे. ग्लास जागेवर ठेव, ओली छत्री बाहेर ठेव, जिभेवर जरा ताबा ठेव. त्या घरात जी वस्तू डोळ्यांसमोर नको झालेली असे, तिला 'ठेव' म्हणत. तिने तोच अर्थ घेतला. आपला पसारा आवरून गडी मोकळा झाला. घरी येऊन तिने ती पेटी पलंगाखाली सारली आणि उशीत तोंड खुपसून पोटभर रडून घेतलं.

नाही म्हणायला त्याचे फोन आले. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "गिटार कशी आहे?" ती तुटकपणे म्हणाली, "नीट ठेवलीय." "मग झालं तर," तो इतका निर्धास्त होऊन म्हणाला, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाची चौकशी नाही, लाकडाची आहे. पुढे ती एकेका शब्दात उत्तरं देऊ लागली, त्याचे फोन विरळ झाले, आणि दोन मानी माणसांच्या मधलं बोलणं जसं संपतं तसं ते संपलं. भांडणसुद्धा झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

आणि आता हा समोर उभा होता. कानशिलांवर दोन-तीन पांढरे केस आणि डोळ्यांवर चष्मा. ती डोळे तपासण्याचंच काम करत होती, चष्म्याच्या दुकानात, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून. सवयीने तिची नजर आधी त्याच्या काचांवर गेली.

"नंबर बदललाय तुझा," ती म्हणाली.

"फोनचा? नाही, तोच आहे."

"डोळ्यांचा. डोळे बारीक करून वाचत होतास." मग जरा थांबून, "फोनचा मला कशाला हवा?"

तो हसला. गालात एका बाजूला हसायची त्याची खोड तशीच होती… ती आपल्याला अजून आवडते हे कळून तिला स्वतःचाच राग आला. तो सांगू लागला, की बँकेच्या कामासाठी त्याला इथल्या शाखेत चार महिने पाठवलं होतं. काम संपलं. परवा सकाळी निघायचं.

चार महिने. एकाच गावात. "छान," ती म्हणाली, "मला वाटलं तू आजच उतरलास. भेटायला यायचं म्हणजे घाई नकोच." चिमटा नेमका बसला. तो कानापर्यंत लाल झाला.

एवढ्यात दुकानाचे काका आतून आले. स्टँड म्हणताच त्यांनी तीन प्रकार आणून मांडले, करून बघायला म्हणून एक गिटारही आणली, आणि घरी काय परिस्थिती आहे ते आधी सांगा म्हणाले. ही डॉक्टरी तिला आवडली. तिने सांगितलं, की गिटार इतकी वर्षं पेटीत होती. गेल्या आठवड्यात आईने पलंगाखाली झाडायला घेतलं आणि निर्वाणीचं बजावलं, की एक तर वाजव, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक. मग तिने ती काढली, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवली, आणि तासाभरात ती घसरून आडवी झाली. डोक्याच्या कडेला टवका उडाला. खोली अरुंद, आई रोज सगळी फरशी पुसणार म्हणजे पुसणार, आणि वाटेत आलेल्या वस्तूची ती गय करत नाही.

"टवका कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"उजव्या. का, भरपाई मागणार आहेस?"

"नाही… लागलं का फार, म्हणून विचारलं."

पहिला स्टँड घडीचा होता, बुटका, पिशवीत मावणारा. दिसायला देखणा. तिला तोच घ्यावासा वाटला. त्याने काही न बोलता गिटार त्यावर ठेवली आणि जाता जाता लागावा तसा कोपराचा हलका धक्का दिला. गिटार डोलली, पुढे झुकली, आणि ती धरायला तिघांचे हात एकदम धावले. काकांनी आपला हात लगेच काढून घेतला. उरलेले दोन जरा वेळ तसेच राहिले, त्याचा खाली, तिचा वर.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "मान धरायला काही नाही याला. कार्यक्रमाला न्यायला ठीक आहे. काकूंच्या फरशीपुढे नाही टिकायचा."

"हात काढ," ती म्हणाली. "तुझा खाली आहे, मला काढता येत नाही."

"तुझा वर आहे, चिमटे."

तिने हात काढला, आणि मग बराच वेळ त्याचं काय करावं हे तिला कळेना.

दुसरा भिंतीत ठोकायचा आकडा होता. सगळ्यांत सुरक्षित हाच, पायात येत नाही, असं काकांचं म्हणणं. पण तिच्या बाहेरच्या खोलीची एकच भिंत मोकळी, आणि ती पावसाच्या बाजूची, दर वर्षी ओल धरणारी. ओल्या भिंतीला लाकूड टांगायचं म्हणजे ते फुगणार. काकांनीच तो उचलून आत नेला.

राहिला तिसरा. उंच, पसरट तीन पायांचा, जडसा. खाली गिटारचं बूड टेकायला दोन हात, वर मान अडकवायला खोबण. गिटार टांगली की तिच्याच भाराने खोबणीतली दोन बोटं पुढे येऊन मान धरत, उचलली की आपोआप सोडून देत. त्याने कोपराचा धक्का दिला. मग जरा जोरात दिला. मग काकांची नजर चुकवून पायाने ढकलून पाहिलं. गिटार हलली, पण जागा सोडली नाही.

"धरतो, पण आवळत नाही," तो म्हणाला.

"काही जणांनी शिकण्यासारखं आहे."

"काही जणांनी सोडून देणंही शिकलं पाहिजे. पलंगाखाली कोंडून ठेवण्यापेक्षा."

तिने डोळे वर केले. तो तिच्याकडे बघत नव्हता, स्टँडचं काळं रबर अंगठ्याने दाबत होता. मामाच्या गिटारला जुन्या पद्धतीचं पॉलिश आहे, तो म्हणाला, असं रबर त्याला महिनोन् महिने लागून राहिलं तर डाग पडतो. रबरावर सुती कापडाची पट्टी गुंडाळ.

"तुला सगळं आठवतं," ती म्हणाली.

"हो."

"गिटारचं."

यावर त्याने तारांचं पाकीट पुन्हा हातात घेतलं. बोलले ते काका. स्टँड बांधता बांधता ते सहज म्हणाले, "साहेब, आज तुम्हाला गिटारपाशी उभं बघितलं, बरं वाटलं. दर महिन्याला येऊन तारा नेता, पण गिटार काही कधी दुकानात आणली नाहीत. मी घरी म्हणालोसुद्धा, हा माणूस तारांचं करतो काय?"

त्याने हातातलं पाकीट काउंटरवर ठेवलं, परत उचललं, खिशात घातलं. तिने ते सगळं पाहिलं. याच्याजवळ गिटारच नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याची गिटार तिच्या घरी होती.

स्टँड जड, पाऊस सुरू झालेला, आणि छत्री एक. तो स्टँड खांद्यावर घेऊन चालू लागला, ती छत्री धरून. तो उंच, त्यामुळे तिला हात ताणून धरावी लागत होती. घर येईपर्यंत हाताला रग लागली, पण तिने हात बदलला नाही. बदलला असता तर बाजू बदलावी लागली असती. बोलणं झालं ते जुन्या टोळक्याचं, कुणाचं लग्न झालं, कुणाचं पोट सुटलं, याचं. तारांचा विषय दोघांनीही काढला नाही. परवा सकाळी हा जाणार, आणि आज काही बोललं नाही तर पुन्हा तसंच होणार, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं. आणि तिला धड वाक्य सुचत नव्हतं.

आईने दार उघडलं. त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. काल गेलेला माणूस आज आला असावा अशा सुरात म्हणाली, "आलास? ये. बूट दाराशी ठेव, छत्री बादलीत ठेव, आणि ते लोखंड आधी खाली ठेव, खांदा मोडेल."

"काकू, तुमच्याकडे माणसानं ठेवायचं तरी किती?" तो म्हणाला. आई हसून चहा टाकायला आत गेली. जाताना स्वयंपाकघराचं दार मात्र तिने अर्धवटच लोटलं.

इकडे तिने जुन्या अभ्र्याची पट्टी फाडली. त्याने ती रबरावर गुंडाळली, शांतपणे, एकेक वेढा नीट बसवत. पूर्वी तिला त्याच्या या संथपणाचा वैताग यायचा. आता ती नुसती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग त्याने मधाच्या रंगाची ती गिटार दोन्ही हातांनी उचलली, टवक्यावरून अंगठा फिरवला, आणि स्टँडवर टांगली. ती छान उभी राहिली.

"ठेव चांगली सांभाळलीस," तो म्हणाला.

झालं. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम वर आलं. "सांभाळायला सांगितलं होतंस कुठे?" ती म्हणाली. "ही ठेव म्हणालास. दिलीस आणि सुटलास. मी तिथे थांब्यावर उभी होते, आणि तू… मला द्यायला तुझ्याकडे एवढंच होतं? एक लाकडाची पेटी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "दिली? मी कुठे दिली?"

"ही ठेव, असं म्हणाला नव्हतास तू?"

"म्हणालो ना. ही ठेव." मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडू लागलं, त्याच्याच चालीने. "अगं… ठेव. लोक बँकेत ठेवतात ती. परत न्यायला येतात ती ठेव."

स्वयंपाकघरात चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

तो अडखळत सांगू लागला. नोकरी नवीन लागलेली, रात्रंदिवस ठेवींचे प्रकार पाठ करायचे, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तिला काय सांगावं म्हणून तो सबंध रात्र जागला, आणि पहाटे त्याला ते सुचलं. आपलं सगळ्यांत आवडतं तिच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, ही ठेव. ती समजेल. ती हुशार आहे. मी परत येणार, हे तिला वेगळं सांगायला नको.

"मला ते फार भारी वाटलं होतं," तो म्हणाला. "दोनच शब्द, आणि सगळं आलं त्यात. फोनवर तू म्हणालीस, नीट ठेवलीय. मला वाटलं, कळलं हिला."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. शाळेत व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघितल्याची शिक्षा इतकी मोठी असते हे कुणी सांगितलं असतं तर! त्याने नाम दिलं होतं, तिने क्रियापद घेतलं होतं, आणि मध्ये इतके पावसाळे निघून गेले होते.

"मुदत सांगायची असते," ती नाक पुसत म्हणाली. "ठेवीची."

"सांगणार होतो. बस सुटली."

"आणि या चार महिन्यांत? तेव्हा कुठली बस सुटत होती?"

त्याने खिशातून आजचं पाकीट काढून स्टँडच्या पायाशी ठेवलं. दर महिन्याला नव्या तारा घ्यायच्या, आता त्या घेऊन तिच्या दाराशी जायचं, असं ठरवायचं. एकदा खालपर्यंत आलाही होता. वर खिडकीत दिवा होता, पण गाणं ऐकू येत नव्हतं. ती गात नाही म्हणजे आपलं तिथे काही उरलं नाही, असं समजून तो परत फिरला होता. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की तिला एक पाऊल पुढे यावं लागलं.

"मी गाणं सोडलं होतं," ती म्हणाली. "साथीला कुणी नव्हतं."

बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. गिटार स्टँडवर उभी होती आणि दोघं तिच्याकडे बघत होते, कारण एकमेकांकडे बघायचा धीर होत नव्हता. परवा जावंच लागेल, तो म्हणाला. बदलीचा अर्ज करता येईल, मिळायला वर्षभर लागेल, कदाचित जास्त. "गिटार राहू दे इथेच," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "तू घेऊन जा."

त्याचा चेहरा पडला. अगदी पडला. "बरं," तो म्हणाला आणि गिटार उचलायला वाकला. त्या 'बरं'मधून तिला स्वतःचं वाक्य त्याच्या कानांनी ऐकू आलं. तू घेऊन जा. आता याचा हा काय अर्थ घेईल, आणि तो घेऊन किती वर्षं बसेल?

तिने त्याचा हात धरला. घट्ट.

"थांब. नीट ऐक. गिटार ने, कारण तुला तिथे एकट्याला करमणार नाही. स्टँड माझ्याकडे राहील, याच जागी, रिकामा. तू बदलीचा अर्ज उद्याच्या उद्या कर. आणि परत ये. गिटारसाठी नाही, माझ्यासाठी ये. माझं तुझ्यावर प्रेम आहे, आधीपासून आहे, आणि मला तुझ्याशी लग्न करायचंय." तिला धाप लागली होती. "यातल्या कशाचे दोन अर्थ निघत असतील तर आत्ता विचार."

मग त्याने चष्मा काढला, कारण त्यातून त्याला काहीच दिसेनासं झालं होतं.

"एकच निघतो," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गिटार गेली, आणि तो स्टँड त्या अरुंद खोलीत ऐन वाटेत तीन पाय पसरून उभा राहिला. वस्तू आवरून ठेवण्यात जिचा जन्म गेला, ती आई त्याला एवढासाही न हलवता रोज त्याच्या भोवतीने फरशी पुसू लागली. आल्यागेल्याच्या पायाला तो लागे, आणि लोक विचारत, हे काय मध्येच ठेवलंय. आई हातातलं फडकं पिळत सांगे, "जावयाची जागा आहे ती. जरा बाजूने या."